पूजेनंतर येणाऱ्या शालनताई

शालनताई वास्तुशांतीला कधीही पूजेच्या वेळी यायच्या नाहीत. होम उरकला, मांडवात पहिली पंगत बसली की त्यांची जुनी स्कूटी दारात लागायची. आहेराची पिशवी घरच्या बाईच्या हातात द्यायची, पदर कमरेला खोचायचा आणि वाढप्याच्या हातातली आमटीची बादली सरळ काढून घ्यायची. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, नगरजवळ नागापूरला माझ्या मावसबहिणीच्या नव्या घरी. मला वाटलं, आचाऱ्याबरोबर आलेली बाई असेल. "जरा तळातून ढवळून वाढा हो," असं मी ऐटीत सांगितलंसुद्धा.

त्यांनी ओगराळं तळापर्यंत घातलं. "खा पोरी, लई वाळलीस. काय काम करती?"

"गृहकर्जाची एजंट आहे."

"आगं बया! मीबी तीच की!" म्हणाल्या, आणि आणखी एक ओगराळं माझ्या भातावर ओतून पुढच्या पानाकडे गेल्या.

एजंट कसली, डोंबलाची! घर घेणाऱ्याला गाठायचं, त्याची कागदपत्रं गोळा करायची, फाईल बँकेत नेऊन द्यायची आणि कर्ज मंजूर झालं की बँकेने आपल्याला कमिशन द्यायचं, असा हा धंदा. पण गिऱ्हाईकच नसेल तर फाईल कसली आणि कमिशन कसलं? मी झकपक कार्डं छापली होती. विजेच्या खांबांवर जाहिराती चिकटवल्या होत्या. एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर पाळी सुटताना उभी राहून पत्रकं वाटत होते, आणि कामगार त्याच पत्रकांत गरम भजी घेऊन माझ्यासमोर खात होते. वडिलांनी श्रीगोंद्याहून बजावलं होतं, की दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून घरी ये, स्थळं बघायला घेऊ.

त्या दिवशी पंगती उठल्यावर मी शालनताईंना गाठलं आणि सगळं गाऱ्हाणं सांगितलं. शेवटी म्हणाले, "ताई, बोलेल त्याची बोरं विकतात म्हणतात. मी तर बोलून बोलून घसा बसवला."

"मंग बोरं ईक की," त्या म्हणाल्या. "आपलं काम बोरांचं न्हाई. घर घेनाऱ्याला पोटात भ्या असतं, वैशे. त्याला बोलनारं नको, ऐकनारं पायजे."

पहिल्या भेटीतच माझी 'वैशाली'ची 'वैशी' झाली होती, आणि मला त्याचा रागही आला नाही. एरवी मी अशा बाबतीत फार फणकाऱ्याची आहे.

मग मी त्यांच्या स्कूटीच्या मागच्या सीटवर बसू लागले. त्यांची रीत साधी होती. ज्याचं कर्ज करून दिलं त्याच्या वास्तुशांतीला जायचं आणि वाढायचं. कार्ड काढायचं नाही. बँकेचं नाव काढायचं नाही. पंगतीतल्या बाया आपसूक विचारतात, ही कोण? घरची बाई सांगते, हिच्यामुळे आमचं घर झालं. तेवढं पुरे. हात धुवायला उठलेली एखादी बाई हळूच जवळ येते आणि म्हणते, आमच्याही मनात आहे हो, पण ह्यांचा पगार रोख हातात मिळतो, चालेल का? "भुकेल्याला लोन सांगू नको," शालनताई म्हणायच्या. "मानूस जेवला की खरं बोलतो. कुठं आडलंय ते सोता सांगतो." मी वाढायला शिकले. आधी दोन-तीन धोतरांवर आमटी सांडली, पण शिकले. माझी पहिली फाईल भिंगारच्या एका पंगतीत मठ्ठा वाढताना मिळाली. दिवाळीला वडिलांसाठी शर्टाचं कापड घेऊन गेले, तेव्हा स्थळांचा विषय त्यांनी काढला नाही.

एकदा मात्र माझी गडबड झाली. केडगावच्या एका घरी आम्ही फारच लवकर पोचलो. आत मंत्र चालू होते. मी म्हटलं, चला आत, पूजा तरी बघू. शालनताई गेटाबाहेर लिंबाखाली स्कूटी लावून बसून राहिल्या. "तू जा. माझा टाइम व्हायचाय अजून." मी हात धरून ओढायला लागले, तेव्हा त्या खेकसल्या, "सोड की गं! कळत न्हाई का तुला?"

मला खरंच कळलं नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं. नवरा भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, तो गेला. क्वार्टर सोडावं लागलं. मूलबाळ नव्हतं. कुणीतरी हे काम सुचवलं. पहिलंच कर्ज मंजूर झालं आणि त्या घरच्यांनी वास्तुशांतीला बोलावलं. नवं लुगडं नेसून त्या हौसेने पूजेआधीच हजर झाल्या. सुवासिनी कलश घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. घरातली म्हातारी शालनताईंच्या कपाळाकडे बघून म्हणाली, बाई, तेवढं कलश आत जाईपर्यंत तुम्ही बाजूला थांबा.

"मंग थांबले. हातांना काय काम द्यावं कळंना, म्हनून बादली उचलली. आन् पंगतीत बायांनी इचारलं, ही कोन? तवापासनं हाच माझा धंदा."

मी इतके दिवस जिला धंद्यातली हुशारी समजत होते, ती ही होती. मला त्या म्हातारीचा असा संताप आला की काय सांगू! शालनताई मात्र लिंबाची काडी दातात धरून शांत बसल्या होत्या. "माझं घर हुईल ना वैशे, तवा पूजेच्या पाटावर मी बसनार. एकटी. ह्यो गुरुजी न्हाई म्हनला तर दुसरा आनीन." त्यानंतर हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं. कुठल्याही वास्तुशांतीहून परतताना ते यायचंच.

आणि घर झालंही. सावेडीत एका नव्या इमारतीत छोटासा फ्लॅट. पण एवढ्यांची कर्जं करून देणाऱ्या बाईचं स्वतःचं कर्ज काही सरळ होईना. कमिशनची कमाई, कधी आहे, कधी नाही. बँक म्हणाली, कायम पगार असलेला कुणीतरी सहअर्जदार द्या. शालनताईंचा पुतण्या नागापूरला कंपनीत पर्मनंट होता. भला मुलगा, आढेवेढे न घेता सही केली त्याने.

वास्तुशांतीची तारीख ठरली. गुरुजींकडे मी स्वतः गेले, भांडायची पूर्ण तयारी करून. ते म्हणाले, "बाईंनी बसायला काही हरकत नाही. मी सांगतो पूजा." मी उड्या मारत शालनताईंकडे आले. त्यांनी मोरपंखी साडी काढून ठेवली होती.

आदल्या दिवशी गावाहून दीर-जाऊ, म्हणजे पुतण्याचे आईवडील, आले. चहा पिता पिता जाऊ सहज बोलली, "पोराच्या सहीवर घर झालं. आता आईबापाला पाटाचा मान तर मिळंल. शुभकार्याला जोडप्यानंच बसलेलं बरं, न्हाई का?" शालनताई कप विसळत होत्या. त्यांनी पुढचा कप नळाखाली धरला. मी त्यांना गॅलरीत नेलं. "बोला ना त्यांना! गुरुजी तयार आहेत. घर तुमचं आहे!"

"वैशे, मला पोर न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या पडले तर उचलायला हाच पोरगा येनार. एका पाटापायी त्याच्या आईशी वाकडं घेऊ?"

"पण तुमचं मन?"

"मन ऱ्हाऊ दे. तू उगं तोंड घालू नको, तुला माझी आन हाय."

दुसऱ्या दिवशी दीर-जाऊ पाटावर बसले. शालनताई स्वतःच्या घराच्या पूजेला स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या. मोरपंखी साडी नेसल्या होत्या तेवढी. पंगत बसली तशी बादली उचलली. कुणीतरी जावेला म्हणालं, "घर छान झालं हो तुमचं," आणि जाऊ म्हणाली, "देवाची कृपा." शालनताईंनी तिच्या पानात आमटी वाढली आणि पुढे सरकल्या.

दिवेलागणीला सगळे पांगले. आम्ही दोघीच उरलो. शालनताईंनी भिंतीशी टेकवलेला पाट खाली मांडला, दार लावून घेतलं आणि पदर सावरून त्यावर बसल्या. लाजल्या होत्या अगदी. "काढ बरं माझा एक फोटू. पाट दिसू दे नीट." मी मोबाईलवर काढला. त्यांनी चष्मा लावून तो खूप वेळ पाहिला. "कुनाला दाखवू नको हां," म्हणाल्या आणि रडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलेलं ते एकदाच. मीही त्यांच्या गळ्यात पडून रडले.

त्या घरात त्या एक उन्हाळासुद्धा पुरता राहिल्या नाहीत. छातीत दुखतंय म्हणाल्या, पुतण्याने गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण वाटेतच सगळं संपलं. उचलायला खरंच तोच आला.

दहाव्याच्या आधी त्याचा फोन आला. रडून बसलेला आवाज. "ताई, काकूचा एखादा चांगला फोटो आहे का? आमच्याकडं एकही नाही." मी विचारात पडले. दाखवू नको म्हणाल्या होत्या. पण मग वाटलं, आता सगळ्या गावासमोर पाटावर बसू देत की एकदा. पाठवला.

दहाव्याला घाटावर ही गर्दी! पंगतीत त्यांच्या हातची आमटी खाल्लेली नगरमधली किती घरं तिथं आली होती. बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. समोर मोठा फ्लेक्स लावला होता. मी जवळ गेले. फ्लेक्सवाल्याने चेहरा तेवढा ठेवला होता, मागे निळे ढग घातले होते. खालचा पाट कापून टाकला होता.

पुतण्या शेजारी येऊन उभा राहिला. "फोटो बरा आलाय ना, ताई? चेहरा अगदी नीट दिसतोय."

"हो रे, दिसतोय," मी म्हणाले, आणि मग मला काही रडू आवरलं नाही.