गप्प झालेलं गिऱ्हाईक

सर्विसवाले अण्णा चर्चमध्ये शिरले की व्यासपीठाकडे नंतर बघत, आधी रिकाम्या बाकांकडे. "आज कोण नाही?" हाच त्यांचा सलाम. आलेल्याला वाटावं, आपण उगाच आलो. न येणाऱ्यालाच इथं भाव!

अण्णा बंगलोरच्या एका टीव्ही कंपनीत तक्रारी बघत आणि रविवारी दुपारी आमच्या मराठी मंडळीचा कारभार. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. शहरात कंपन्या भराभर वाढत होत्या, आमची मंडळी मात्र आटत चालली होती. पाळकसाहेबांना वाटे, आपणही जाहिरात करावी, मोठे स्पीकर लावावेत. अण्णा हात जोडत. "साहेब, नवा टीव्ही कुणीही खपवेल. घरात गेलेला चालू राहिला, तरच शेजारी दुसरा घेतो. ओरडणारं गिऱ्हाईक आपलंच असतं हो. गप्प झालं की समजायचं, गेलं."

"अण्णा, चर्च म्हणजे दुकान नव्हे," पाळकसाहेब चिडत.

"नव्हेच की! दुकानदार निदान विचारतो तरी, गिऱ्हाईक का आलं नाही ते."

बाबा गेल्यावर मी आईला नगरकडच्या आमच्या गावाहून बंगलोरला, जयनगरच्या माझ्या घरी आणलं होतं. शेजारणी कन्नडमध्ये प्रेमानं बोलत, आई प्रेमानं हसे आणि गप्पा तिथंच संपत. तिचा सारा जीव रविवारच्या उपासनेत. एका रविवारी तिचं आवडतं गीत निघालं. ऑर्गन विलायती चालीवर, आई डोळे मिटून गावच्या भजनी चालीवर. शब्द तेच, चाली दोन. पुढच्या बाकावरच्या मुली फिदीफिदी हसल्या. आईनं पुस्तक मिटलं.

पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखलं, त्यानंतरच्या रविवारी गुडघा. मग एक दिवस तिनं खाटेखालची ट्रंक ओढली आणि म्हणाली, "मला गावी सोड." गावी तिचं कोणी उरलं नव्हतं. घराला कुलूप होतं. मी समजूत घालून थकले.

आणि अण्णा दारात उभे! खिशात नेहमीचा पेचकस. मला वाटलं, आता उपदेश होणार. त्यांनी "स्वल्प साखर कमी" म्हणून चहा घेतला आणि विचारलं, "अक्का, कुठं अडलं?" बिघडलेल्या टीव्हीपुढेही ते हेच विचारत. 'काय केलंत?' म्हटलं की माणूस खोटं बोलतो, असा त्यांचा अनुभव होता.

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "माझी चाल जुनी आहे, अण्णा. तुमच्या ऑर्गनात बसत नाही."

"जुनं मॉडेल म्हणून कुणी सेट टाकून देतं होय? म्हणून दाखवा बघू."

त्या रविवारी अण्णांनी उभं राहून जाहीर केलं, "आजचं गीत अक्कांच्या चालीवर. ऑर्गनला सुट्टी." पाळकसाहेबांचा चष्मा नाकावर घसरला. आईचा आवाज कापत होता. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकावरून एक भसाडा पुरुषी आवाज लागला. कधी तोंड न उघडणारे आमचे एक म्हातारे सभासद निघाले तिच्याच भागातले! शेवटी तर त्या हसणाऱ्या मुलीच टाळ्यांचा ठेका धरून होत्या. घरी आल्यावर आईनं पायानंच ट्रंक आत सरकवली. त्या दिवशी माझी आई मला परत मिळाली. अण्णांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढे काही वर्षांनी अण्णाच उपासनेला येईनासे झाले. लेकीकडे गेले असतील, असं आम्ही सगळे धरून चाललो. आई मात्र मानेना. "गिऱ्हाईक गप्प झालंय. रिक्षा बोलाव."

बसवनगुडीच्या घरी अण्णा अंथरुणाला खिळले होते. कुणाला कळवायचं नाही, अशी त्यांनीच घरच्यांना ताकीद दिली होती. आई खाटेशी बसली. "कुठं अडलं, अण्णा?"

ते हसले. डोळे भरले होते. "सरी, बरोबर अक्का, पकडलंत मला. ह्या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत."

आईनं तेच गीत आपल्या चालीवर सुरू केलं. अण्णांची बोटं चादरीवर ठेका धरू लागली. दुसऱ्या कडव्यात बोटं मागे पडली. आई थांबली, आणि बोटं जिथं पोचली होती तिथून पुढे गाऊ लागली.