वाणात दिलेला पंप

दम्याचा निळा पंप माझ्या कमरेच्या पिशवीत कायम असतो. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं होतं, आपण दचकलो की अंगात जे औषध आपोआप सुटतं, त्याच्याच भावकीतलं हे. आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतं. घेतल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात. थरथरू देत की, श्वास तर येतो!

लेकीला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी दारात तुरीची मळणी झालेली. भुसा नाकातोंडात गेलेला. थोरल्या जाऊबाईंनी माझ्या कमरेच्या पिशवीतला पंप ओढून काढला आन् ज्वारीच्या कोठीत खुपसला. "पाहुण्यांना दिसला तर म्हणतील, आईला दमा, उद्या पोरीलाबी. मरत न्हाईस एवढ्यानं." मला आतल्या खोलीत ढकलून बाहेरून कडी घातली. मी जमिनीला गाल लावून दाराखालच्या फटीतून हवा ओढत होते, आन् बाहेर ह्या बाई खिदळत पोहे वाढत होत्या. ते खिदळणं मी जपून ठेवलं.

आता दमा त्यांनाच लागलाय. पंपही तसलाच, निळा. लुगड्याच्या घडीत लपवतात, न्हाणीत जाऊन घेतात.

यंदा संक्रांतीचं हळदी-कुंकू माझ्याकडं होतं. सगळ्या बायकांना वाणाला स्टीलची वाटी. जाऊबाईंच्या वाटीत मी कोरा निळा पंप ठेवला. ऊदही मीच पेटवला, घरभर धूर होईल असा. माझा पंप आधी घेऊन.

थोड्याच वेळात त्यांच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. पदर तोंडाला लावून निघाल्या. मी दारात उभी.

"कुठं निघालात जाऊबाई? वाण तर घ्या."

"सरक गं..."

"इथंच घ्या की. इथं कोण पाहुणे हायत?"

वाटीतला पंप बघून त्यांचं तोंड उतरलं. "सटवे," एवढंच म्हणाल्या. पुढं बोलायला हवाच नव्हती.

"आधी श्वास सोडा. आता दाबा आन् लगेच ओढा. धरून ठेवा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. घेतला शेवटी. न घेऊन करतात काय!

शेजारीण म्हणाली, "अगं बया, तुमालाबी दमा? कधी बोलल्या न्हाईत!"

जाऊबाईंनी पंप वाटीत टाकला. धाप थांबली, पण हात असे थरथरत होते की वाटी बांगड्यांवर वाजत होती. लई गोड लागला मला तो आवाज.

मग तिळगूळ वाटला. एकेकीला 'गोड बोला' म्हणाले. जाऊबाईंच्या थरथरत्या हातावर नुसता तिळगूळ ठेवला आन् पुढच्या बाईकडं वळले.