मेथी निवडत बसलेली मांड

आक्का नसत्या तर मी घोडीवर बसलो नसतो आणि कोल्हापुरातही टिकलो नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझी फजितीच जास्त आहे, आणि फजिती सांगण्याच्या नादात उपकार करणारं माणूस मागं राहतं. आक्का म्हणजे आमच्या मालकांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या माहेरीच, कसबा बावड्यात. आवाज असा, की गोठ्यातून बोलल्या तर रस्त्यावरचा सायकलवाला ब्रेक दाबायचा. इकडच्या बायका ‘मी येतो, मी करतो’ असं बोलतात. मला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. नंतर माझ्यावरच हसायची वेळ आली, तेव्हा ते हसू विसरलो.

मी कोकणातला, खाडीकाठच्या गावचा. सहावीच्या पुढची शाळा खाडीपलीकडं होती. वडील गेले आणि माझी खाडी ओलांडायची राहिली. पुढं मिशी आल्यावर, सत्तरच्या दशकात, आंब्याच्या ट्रकमधून घाट चढून कोल्हापुरात आलो. आधी मार्केटात गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, उचलले. पाठ धरली. मग कुणाच्या तरी ओळखीनं मालकांकडं लागलो. त्यांच्याकडं लग्नाच्या वरातीसाठी दोन घोड्या होत्या, एक पांढरी, एक तांबडी. कामावर घेताना मी स्पष्ट सांगितलं होतं की मला घोडीवर बसता येत नाही. ते म्हणाले, तुला बसायला कोण सांगतंय, लीद काढ, वैरण टाक, खरारा कर.

ते मी मनापासून केलं. गोठ्याच्या माळ्यावर झोपायला जागा होती, दोन वेळची भाकरी होती, गावी आईला पाठवायला चार पैसे उरत होते. ते सगळं जाईल की काय, ही धास्ती मात्र रोज असायची. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, आता काढून टाकणार.

आणि एक दिवस घोडी बसून लग्नाला नेणारा गडी काम सोडून ट्रकवर गेला. मालकांचं कंबरडं दुखायचं, त्यांना दूरचं बसवत नव्हतं. ते म्हणाले, तुळशीचं लगीन झालं की लग्नं सुरू होतील, तोवर शीक, न्हाईतर मला दुसरा गडी बघायला लागंल.

मी शिकलो नाही. शिकलो नाही म्हणजे मला भीती वाटायची. खालून घोडीची मला कधीच भीती वाटली नाही. पांढरी तर गरीब गाय होती, माझ्या खांद्यावर मान टाकून उभी राहायची. पण रिकिबीत पाय घातला की जमीन खाली खाली जायची, आणि हात आपोआप आयाळीत शिरायचे. मग मी अर्धा वर, अर्धा खाली, ओल्या धोतरासारखा लोंबकळत राहायचो. समोरच्या पानपट्टीवर बसणाऱ्यांना रोजची करमणूक झाली. एक जण ओरडायचा, “कोकण्या, होडी न्हवं ती, घोडी हाय. वल्हं कुठाय तुझं?” मी हसल्यासारखं करायचो.

पहिलं लग्न आलं गडमुडशिंगीचं. मालक तांबडीला ट्रकमध्ये चढवून आदल्या दिवशीच गारगोटीकडं गेले होते. जाताना मला म्हणाले, पांढरी तू ने, बसून जा, येळंवर पोच. मी मान हलवली. नाही म्हणायची लाज वाटली. आणि मग लगाम हातात धरून सगळी वाट चालत गेलो. मनाशी म्हणत होतो, घोडी पोचल्याशी कारण, मी वर असलो काय आणि खाली असलो काय. गावाबाहेर चिंचेखाली तिला सजवली. खोगीर, झूल, कपाळावर गोंडे. वेळेवर पोचलो याचा मला अभिमानही वाटला.

मांडवात नवरदेवाची आई घोडीची पूजा करायला ताट घेऊन उभी होती. तिनं घोडी बघितली, खोगीर बघितलं, आणि ताट बाजूच्या बाईच्या हातात देऊन ती जोत्यावर खाली बसली. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. तेवढ्यात एक म्हातारे पुढं आले.

“वर कोण हुतं?”

म्हटलं, कोणी नाही, मी चालवत आणली.

“रिकामं खोगीर घिऊन लगनाच्या दारात आलास? पोरगा फौजेत हाय, ठावं हाय का न्हाई तुला?”

मला ठाऊक नव्हतं. त्या भागात घरटी कोणीतरी फौजेत असतं, आणि खोगीर घातलेली घोडी स्वाराशिवाय दारात आली तर त्याचा अर्थ काय, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. घोडी लग्नघरी न्यायची ती स्वारासकट, निदान वेशीपासून तरी. मालकांनी मला हे सांगितलं नव्हतं, कारण हे सांगायचं असतं असं त्यांना वाटलंच नसणार. पण मला तरी कळायला नको होतं? आमच्याकडं होडी एकटीच वाहत काठाला लागली की बाया काय करतात, ते मी पाहिलेलं होतं. वडिलांची होडी तशीच आली होती. तरी मी गोंडे बांधलेली रिकामी घोडी घेऊन एका आईच्या दारात हसत उभा होतो.

म्हाताऱ्यांनीच उपाय काढला. घोडी वेशीबाहेर न्यायची आणि कुणीतरी बसून परत आणायची. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मांडवासमोरच रिकिबीत पाय घातला आणि नेहमीसारखा लोंबकळलो. कुणीतरी हसलं. मग हसणं थांबलं, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्याच्या चुलतभावानं माझ्या हातातून लगाम घेतला आणि एका उडीत वर बसून गेला. मी त्याच्या मागून चालत गेलो आणि मागूनच चालत आलो. वरात झाली, पण त्या आईनं घोडीकडं परत मान वर करून बघितलं नाही. पंगतीत बायका हळू बोलत होत्या, की ती म्हणतीय, सुट्टी संपल्यावर आता पोराला लावून कसा देऊ. मी पानावरून उठलो.

परत येऊन मी माळ्यावरचं गाठोडं बांधलं. कुणी जा म्हणायच्या आत आपणच जावं, हा माझा नेहमीचा स्वभाव. खाली उतरलो तर आक्का गव्हाणीच्या कडेवर बसलेल्या. गडमुडशिंगीची गोष्ट माझ्या आधी बावड्यात पोचली होती. आतापर्यंत त्या मला ‘पावणं’ म्हणायच्या, चेष्टेनं. त्या दिवशी सरळ अरे-तुरे सुरू केलं.

“भ्या वाटतंय न्हवं तुला?”

मी गाठोडं पाठीमागं लपवलं.

“तोंडानं बोल की. व्हय का न्हाई?”

“होय,” मी म्हणालो. इतकी वर्षं झाली, पण तो एक शब्द उच्चारताना कानशिलं तापली होती ती मला अजून आठवतात.

“मग भ्यायाचंच हाय तर वर बसून भी. खाली उभारून भ्यालास तर घोडी रिकामी ऱ्हाती.”

मालक गारगोटीहून आले ते संतापूनच. मी गोठ्यात, ते घराच्या पुढच्या सोप्यात, तरी सगळं ऐकू येत होतं. आक्कांनी त्यांना सांगितलं, की जवान सुट्टीवरून परत जायच्या आत हा गडी त्या दारात घोडीवर बसून जाईल, त्या माऊलीच्या मनातलं काढून टाकंल. “न्हाई गेला तर मीच त्येला यष्टीत बसवून देतो,” त्या म्हणाल्या. मला न विचारता माझा शब्द दिला गेला. आता नोकरीची भीती होतीच, वर त्या आईचा चेहरा आला.

आक्कांचे वडीलच या घोड्यांचा धंदा करायचे. लग्न होईपर्यंत आक्का घोडीवर बसून नदीवर जायच्या, तेवढंच त्यांचं शिक्षण. पण त्यांनी मला जे शिकवलं ते कुठं शिकवत असतील असं वाटत नाही. सकाळी त्या पांढरीला ऊस तुटून गेलेल्या रानात आणायच्या. खोगीर नाही, रिकीब नाही, पाठीवर नुसतं दुमडलेलं पोतं. मला बांधावरून वर चढवायच्या, लगाम स्वतः धरायच्या, आणि माझ्या मांडीवर मेथीच्या जुड्या टाकायच्या.

“निवड.”

हात मेथीत गुंतले की आयाळ धरायला हात राहत नाहीत, एवढाच त्यातला डाव होता. पण मला वाटलं, ही बाई आपली थट्टा करते. मिशीवाला बाप्या घोडीवर बसून भाजी निवडतोय, आणि खाली एक बाई घोडी फिरवतेय. तण काढायला, भांगलणीला जाणाऱ्या बायका बांधावर थांबायच्या. एकीनं विचारलं, आक्का, नवीन सून व्हय? आक्का म्हणाल्या, व्हय, सैपाक चांगला करती, फकस्त खाली उतराय मागती. सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून पानं खुडत राहिलो. देठं पांढरीला द्यायचो, ती मागं मान वळवून मागून घ्यायची.

एकदा साखर कारखान्याचा भोंगा झाला. पांढरी जन्मापासून तो ऐकत आलेली, तिचा कानसुद्धा हलला नाही. मी मात्र दचकलो आणि मेथीसकट खाली आलो. आक्कांनी आधी मेथी गोळा केली, मग मला विचारलं, लागलं का. त्या हसल्या नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. हसल्या असत्या तर निदान रागावता आलं असतं.

पण कधीतरी असं झालं की जुडी संपली आणि मला कळलंच नाही. मांड्या आपोआप घोडीला धरून होत्या, पाठ तिच्या चालीबरोबर हलत होती, मांड बसली होती. खाली बघितलं तर लगाम घोडीच्या मानेवर होता आणि आक्का लांब बांधावर बसून मिश्री लावत होत्या. कळल्याबरोबर हात पुन्हा आयाळीत शिरले. पण पडलो नाही.

जवान जायच्या आदल्या दिवशी मी गडमुडशिंगीला निघालो. आक्का एस.टी.नं पुढं गेल्या होत्या. रिकिबीतून चढायला मला तेव्हाही जमत नव्हतं, म्हणून हौदाच्या कट्ट्यावरून बसलो. घोडी पळवायची हिंमत नव्हती. दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली मला मागं टाकून जात होत्या. एक जण जाता जाता म्हणाला, “पावणं, घोडी झोपलीया का तुमी?” मी समोरच बघत राहिलो. बोललो तर तोल जाईल अशी भीती होती.

वेशीतून आत गेलो तेव्हा घाम डोळ्यांत उतरत होता. दारात आक्का बशीत चहा ओतून पीत होत्या. जवानाची आई बाहेर आली. बराच वेळ नुसती बघत राहिली, घोडीकडं नाही, माझ्याकडं. मी नजर खोगिरावर ठेवली. मग तिनं तांब्याभर पाणी पांढरीच्या खुरांवर ओतलं, माझ्यावरून आणि घोडीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, “बसून आलास, बरं झालं लेकरा.”

जवान म्हणाला, आता उतरा, चहा घ्या. आणि मला उतरता येईना. मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या, पाय उचलेनात. मी तसाच बसून राहिलो. शेवटी त्यानं काखेत हात घालून मला गुळाच्या रव्यासारखं उचललं आणि खाली ठेवलं. माझे पाय फाकलेले तसेच राहिले. सगळं अंगण हसलं, आणि ती आईही हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी लाजेनं मेलो होतो. पण ते हसू बघून पुढं मी घोडी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पोराला मोटारीपर्यंत जाऊन निरोप दिला, असं आक्कांनी सांगितलं. पुढच्या सुट्टीत तो परत आला. त्यात माझं काही नाही, मी फक्त तेवढी रात्र तिला झोप यावी इतपत बसलो होतो.

त्यानंतर कितीतरी वरातींना घोडी मी बसूनच नेली. लोकांना वाटतं मी जन्माचा घोडेवाला. रिकिबीत पाय घालताना अजून जमीन खाली खाली जाते, ते मी कुणाला दाखवत नाही.

आक्का आता गारगोटीला असतात, भाचीकडं. गुडघे गेलेत. मध्ये भेटायला गेलतो. भाची सांगत होती, कुठंच येत नाही, देवाला नाही, लग्नाला नाही. एस.टी.त चढवायला दोघांनी उचलावं लागतं आणि माणसं बघतात, म्हणून. मी आक्कांकडं बघितलं, त्यांनी तोंड फिरवलं. ते तोंड फिरवणं मला नीट ओळखता आलं. त्यांच्या उपकाराचं बोलायला लागलो तर म्हणाल्या, “फेडाय मी काय सावकार हाय?”  माझ्यासारख्या सहावीत शाळा सुटलेल्या माणसाला असं बोलणं कुठं सुचतं.

म्हणून इथं लिहून ठेवतो. आक्का, एक दिवस मी गारगोटीला येईन, तुम्हाला उचलून गाडीत बसवीन आणि तुम्ही म्हणाल तिथं नेईन. बघणारे बघू देत, मी शेजारी असेन. कधी, ते आज सांगता येत नाही, पण येईन.