कोंडलेली की सोडलेली?

इमारतीत बातमी अशी, की तळमजल्यावरची किल्लीवाली आपल्या नऊ वर्षांच्या पोरीला घरात कोंडून किल्ल्या बनवायच्या दुकानाला जाते. बातमी पक्की होती. तीन काकूंनी ती एकमेकींकडूनच ऐकली होती!

खरा प्रकार एवढाच, की भिंगरी (पोरीला सगळे भिंगरीच म्हणत) शाळेतून एकटी यायची, स्वतःच्या किल्लीने दार उघडायची आणि आतून लावून घ्यायची. कोणी बेल वाजवली तर "आई दुकानात आहे, तिकडे जा," एवढं बोलायची. दार उघडायची नाही. काकूंचं खरं दुखणं तेच. डोकवायला मिळत नव्हतं.

कोंडलेली नाही म्हटल्यावर लोकांनी गप्प बसावं की नाही? छे! मग पोर मोकाट सोडल्याची आवई उठली.

मोकाट कसली! पहिले आठ दिवस किल्लीवाली लेकीचा हात धरून आली. पुढचे आठ दिवस वीस पावलं मागून, चोरासारखी. शेवटी भिंगरीच मागे न बघता म्हणाली, "आई, तुझा जुडगा वाजतोय." तेव्हापासून आई दुकानात थांबू लागली, पण सव्वाचारला लेकीचा घरून फोन येईपर्यंत तिची कानस एकाही किल्लीवर धड चालत नसे. हे कोणाला दिसणार? लोकांचे डोळे दुसऱ्यांच्या पोरांवर!

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी तर शाळेत अर्जच दिला. शाळेने फर्मान काढलं : सोमवारपासून मोठं माणूस न्यायला आलं तरच मुलगी सुटेल. भिंगरीने गळ्यातली किल्ली काढून आईपुढे ठेवली. "मी काय चुकले गं?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून आई मुख्याध्यापिकांपुढे उभी राहिली. काकू आधीच हजर. बारा वर्षांच्या लेकाचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर, लेक पदराला चिकटलेला.

"आम्ही नाही हो पोटच्या पोराला क्षणभर एकटं सोडत," काकूंनी सुरू केलं. "काहींना काळीजच नसतं, त्याला काय करणार?"

मुख्याध्यापिकांनी मान डोलवली. जगाची रीतच ती. मोठ्याने बोलेल त्याच्याकडे मान डोलते.

भिंगरी आजही एकटीच घरी येते. कारण किल्लीवाली त्या दिवशी आवाज न चढवता म्हणाली :

"काकू, गेल्या महिन्यात तुमचा लेक बाथरूममध्ये अडकला. आत तो रडत होता, बाहेर तुम्ही. मला दार उघडायला बोलावलंत, पण मी हत्यार पिशवीतून काढलंसुद्धा नाही. दाराशी उभी राहून म्हटलं, 'बाळा, कडी डावीकडे सरकव.' आला बाहेर. बारा वर्षांत त्याला तेवढं कोणी दाखवलं नव्हतं. आता बाईंनाच सांगू दे, सोबतीला माणूस कोणाच्या पोराला लागतं!"