बाबांनी पंपाचं भोक बुजवलं

मंडळी, आज सकाळी मोठागावच्या खाडीवर आमच्या होडीच्या इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे ऑइल तपासायची पट्टी, काढून बघितली. ऑइल पार चहासारखं दुधाळ झालेलं. म्हणजे आत पाणी शिरलेलं.

इंजिन थंड ठेवायला खाडीचं पाणी खेचणारा पंप गळत होता. त्याचं रबरी सील बदलू, असं मी म्हणालेलो. पण बाबांना कुठला धीर. त्यांनी पंपाखालच्या बारक्या भोकात कापूस आणि डांबर ठासलेलं.

विचारलं तर म्हणाले, "होडीला भोक दिसला का बुजवायचा, आमचे बापाशीनी हाच शिकवला."

मी म्हटलं, "बाबा, ते भोक मुद्दाम ठेवतात. सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडतं आणि आपल्याला कळतं. तुम्ही ते बंद केलंत, म्हणून पाणी आत ऑइलमध्ये गेलं."

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी नवा पंप बसवला, ऑइल बदललं. इंजिन चालू केल्यावर त्यांनी त्या भोकाखाली बोट धरलं. कोरडं होतं.

बोट तसंच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या डॉक्टरकडं जाऊ. चालताना मला दम लागतो, बरेच दिवस झाले."

तुमच्या घरी कोण आहे असं, न सांगणारं?