सावरीचा डोंगा
अंगणात सावरीचा कापूस उडत आला की मला तो डोंगा आठवतो. इंग्रज जाऊन पाचेक वर्षं झाली होती आणि मी सासर सोडून अर्जुनीकडच्या आमच्या गावी परत आले होते. शेजारी जायचं तरी कोणाला तरी विचारावं लागे. गावचा तलाव आमच्याच पणजोबांनी बांधलेला, पण घरातली एकही बाई त्याच्या पाण्यावर गेली नव्हती. मी डोंग्याचा, एकटीपुरत्या होडीचा, हट्ट धरला, तेव्हा बाबांनी निवडायला काकाजींना सोबत धाडलं. डोंगे कोरणाऱ्या मासेमार ढिवराच्या आवारात ओल्या लाकडाच्या ढलप्यांत खोडं कोरून केलेले दोन डोंगे पालथे पडले होते, एक ऐनाचा, काळा आणि जड, दुसरा सावरीचा, पांढुरका. "काऊन हट्ट करून राहिली वो? मासोळ्या माराच्या हायेत का तुले?" काकाजींनी विचारलं. "नाही. नुसती फिरीन." "मंग ऐनाचा घे. सावर दोन पावसाळ्यांत सडते." मी वाकून सावरीच्या डोंग्याचं टोक एका हाताने उचललं. "ऐनाचा पाण्यात लोटाले दोन माणसं लागतेत, काकाजी. दर खेपेले दोघांले विचारू का?" ढिवर खाली बघून हसला. घरी सावरीचाच आला. तिसऱ्या पावसाळ्यात तो सडला, तेव्हा काकाजींनी मुद्दाम मला बोलावून दाखवला. आज ऐंशी ओलांडल्यावरही मी म्हणते, सडू दे. दोन वर्षं मी रोज तलावाच्या मधोमध, कमळांत वल्हं मांडीवर ठेवून बसले, आणि एकदाही कोणाला विचारलं नाही.