जाऊबाई यादीत नव्हत्या

आमच्या जाऊबाईंना कोणी "राहू दे, तुम्हाला नाही जमायचं" म्हणालं की समजावं, आता त्या माणसाची खैर नाही. हे मी अनुभवाने सांगते. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात घरची शेगडी बिघडली होती. मी आपलं चांगुलपणाने म्हणाले, "तुम्ही नका हात लावू, मिस्त्रीला बोलावू." त्याला वीस वर्षं झाली. शेगडी अजून चालते आणि टोमणाही अजून चालतो.

जाऊबाई कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक आहेत. शिवणाऱ्या नव्हेत, शिवायची मशीन अडली की ती चालू करणाऱ्या. सव्वीस वर्षं हेच काम. एप्रनच्या खिशात सदानकदा पाना, म्हणून कारखान्यात त्यांना सगळे पानाबाई म्हणतात. थोरले दीर जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांना मूलबाळ नाही, तेव्हा घरात आम्ही तिघं: त्या, मी आणि माझे यजमान. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. म्हणजे जे सांगते आहे त्यात ऐकीव काही नाही, कान आणि डोळे दोन्ही माझेच.

तर झालं असं. कारखान्यात कम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या मशिनी येणार होत्या. मेकॅनिक एकूण बारा. त्यांची चाचणी घ्यायची, पास होतील ते नव्या मशीनवर, बाकीच्यांनी हिशेब घेऊन घरी जायचं, असं ठरलं. शुक्रवारी दुपारी नोटीस बोर्डावर यादी लागली. नावं अकराच होती. बारावं नाव जाऊबाईंचं, ते मॅनेजरने घातलंच नव्हतं.

त्या तडक त्याच्या केबिनमध्ये गेल्या आणि मागोमाग मी गेले, कारण त्यांना एकटं सोडलं तर मॅनेजरची मला काळजी वाटते. तो मोठा गोड बोलणारा. म्हणाला, "बाई, तुमची दोनच वर्षं राहिलीत. कशाला डोक्याला ताप? आताच सुटा, आरामात बसा. हे कम्प्युटरचं काम तरुण मंडळींचं. शिवाय सराव लागतो. तुमच्या घरी कम्प्युटर आहे का?"

"आहे," जाऊबाई म्हणाल्या.

घरी कम्प्युटर नव्हता. कम्प्युटर ठेवायला वेगळं टेबलसुद्धा नव्हतं. पण मॅनेजर स्वतःच्याच बोलण्यात सापडला. म्हणाला, "असं का, मग या पुढच्या शनिवारी दहा वाजता, बसा चाचणीला."

बाहेर आल्यावर मी त्यांना चांगलं झापलं. म्हटलं, थाप मारायची तर पचेल अशी तरी मारावी. त्या शांतपणे म्हणाल्या, "थाप कसली त्यात? परवा रविवारी आणायचाच आहे. दोन दिवस आधी सांगितलं, एवढंच."

रविवारी सकाळी आम्ही दोघी जुन्या कम्प्युटरच्या दुकानात. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. वायरींची भेंडोळी, एकावर एक रचलेले कळकट डबे आणि मध्ये दुकानदार. त्याने एक करड्या रंगाचा डबा चालू करून दाखवला. पडदा उजळला, अक्षरं आली, बाण हलला. जाऊबाई लगेच तयार झाल्या. पण मला तो डबा बघवेना. एका बाजूला पोचा आलेला, दुसऱ्या बाजूला कोणीतरी खिळ्याने नाव कोरलेलं. मी म्हटलं, "अहो, एवढं द्यायचं आणि असलं ध्यान घरात ठेवायचं? तो काळा चकचकीत आहे ना, त्यात घालून द्या." दुकानदार म्हणाला, बसा, पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही समोर चहा प्यायला गेलो. परत आलो तर माल काळ्या डब्यात घालून, दोरीने बांधून तयार.

घरी येऊन तो जेवायच्या टेबलावर मांडला, वायरी जोडल्या आणि जाऊबाईंनी बटण दाबलं. आतला पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा पाव फेरा. पडदा काळाच.

माझे यजमान ऑफिसात कम्प्युटरवर बसतात, म्हणजे घरातले तेच तज्ज्ञ. त्यांनी पेपर खाली न ठेवता निकाल दिला, "वहिनी, मदरबोर्ड गेला."

"कशावरून?"

"असंच असतं."

"भाऊजी, मशीनला काहीतरी झालेलं असतं. 'असंच' नसतं," जाऊबाई म्हणाल्या. यजमानांनी पेपर थोडा वर धरला.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "दुकानात चालू होता, तुम्ही डोळ्यांनी बघितलात. वाटेत धक्का बसला असेल, त्याला मी काय करणार? आणि बाई, उघडू नका हं, उघडलात तर माझी काही जबाबदारी नाही."

"न उघडता तुम्ही कुठली घेताय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

इथे जाऊबाईंची कामाची पद्धत सांगायला हवी. मशीन अडली की शिवणाऱ्या बाया सुईला शिव्या देतात नाहीतर दोऱ्याला. जाऊबाई कोणालाच काही म्हणत नाहीत. दोरा काढतात, सुई काढतात, पट्टा उतरवतात आणि रिकाम्या मशीनचं चाक हाताने फिरवून बघतात. फिरलं, तर दोष काढून ठेवलेल्यांपैकी कोणाचा तरी. मग एकेक वस्तू परत लावायची आणि दर वेळी चाक फिरवायचं. घाई करणाऱ्याला त्यांच्या शेजारी उभंसुद्धा राहू देत नाहीत. मी उभी राहते, कारण माझं तोंड बंद करणं कोणाच्या बापाला जमलेलं नाही.

कम्प्युटरचंही त्यांनी तेच केलं. झाकण काढलं. कुठली वायर कुठून निघाली ते एका कागदावर चित्र काढून ठेवलं. हार्ड डिस्कची वायर सोडवली, बटण दाबलं. पाव फेरा. सीडीच्या खणाची वायर सोडवली. पाव फेरा. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरने घासली, परत बसवली. तरी पाव फेराच. मी म्हटलं, "जाऊबाई, हे म्हणतात ते खरं असेल. बोर्डच गेला असेल. फक्त सहा दिवस राहिलेत. दुसरा आणू."

"सहा दिवस राहिलेत म्हणूनच दुसरा आणायचा नाही. तो याहून बरा निघेल कशावरून?"

मग त्यांनी बोर्डाचे स्क्रू काढले, अख्खा बोर्ड उचलला आणि डब्याशेजारी पुठ्ठ्यावर ठेवला. वायरी ताणून पुरत होत्या. बटण दाबलं. पंखा फिरला, फिरतच राहिला, आतून एकदा बारीक टीं असा आवाज आला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मला तर नाचावंसं वाटलं. यजमान पेपर टाकून उठून आले.

जाऊबाईंनी सगळं परत डब्यात बसवलं. पाव फेरा, आणि ठप्प.

"मग पुठ्ठ्यावरच चालवू," मी म्हटलं. "डबा गेला उडत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ठेवायला गेले. दुखणं कुठे आहे ते कळल्याशिवाय त्या मशीन सोडत नाहीत. परत येते तर त्यांनी बोर्ड पुन्हा बाहेर काढलेला आणि रिकाम्या डब्यात डोकं घातलेलं. डब्याच्या पत्र्यावर पितळेचे छोटे छोटे खांब असतात. बोर्ड पत्र्याला चिकटू नये म्हणून तो त्या खांबांवर टेकवून स्क्रू मारतात. बोर्डाला भोकं सहा होती. खांब सात.

सातवा खांब भलत्याच जागी उभा होता. वर त्याच्यासाठी भोक नाही, काही नाही. तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टाक्यांना खालून टेकत होता आणि चालू केल्या केल्या वीज तिथून पत्र्यात उतरत होती. बोर्ड उलटा करून त्यांनी मला खांबाने पडलेला चरा दाखवला. काळा डबा आधी दुसऱ्या कुठल्यातरी बोर्डाचा होता, त्याचा एक खांब दुकानदाराने तसाच ठेवला आणि घाईत पुन्हा चालवून बघितलंही नाही.

म्हणजे करड्या डब्यातला कम्प्युटर ठणठणीत होता. त्याला चकचकीत डब्यात घालायला लावून मारला तो मी. आता मला गप्प बसता आलं असतं, पण नाही बसवलं. मी म्हटलं, "जाऊबाई, हे माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळेच," त्या म्हणाल्या. "रंगाला भुलायचं वय आहे का आता? पक्कड दे."

मला फार लागलं ते. पण पक्कड दिली. त्यांनी सातवा खांब पिळून काढला, बोर्ड बसवला, एकेक वायर चित्राप्रमाणे लावत दर वेळी बटण दाबून बघितलं. ऊन अजून खिडकीत होतं तेवढ्यात कम्प्युटर सुरू झाला, झाकणासकट. यजमान म्हणाले, "म्हणजे बोर्ड गेला नव्हता." या माणसाशी मी वीस वर्षं संसार करते आहे.

जाऊबाईंनी दुकानदाराला परत फोन लावला. मला वाटलं आता त्याची चांगली हजेरी घेतात. त्या एवढंच म्हणाल्या, "यापुढे डबा बदललात तर खांब मोजत जा." त्याने विचारलं, "कोणता मिस्त्री बोलावलात?" त्या म्हणाल्या, "मीच मिस्त्री," आणि ठेवला.

मग आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. चाचणीत बिघाड ओळखण्याबरोबर टायपिंगही होतं, म्हणून कटिंगमधल्या एका बाईने सरावाची सीडी दिली. पहाटे कामावर जायच्या आधी एक तास आणि आल्यावर दोन तास, मी कागदावरचं मोठ्याने वाचायचं आणि जाऊबाईंनी टाइप करायचं. मशीनच्या पोटात न बघता बोटं घालून स्प्रिंग बसवणारी बाई, पण त्या अक्षरांच्या बटणांपुढे अगदी रडकुंडीला यायची. एक 'क्ष' शोधायला पाच मिनिटं. बुधवारी त्यांनी कीबोर्ड ढकलून दिला आणि म्हणाल्या, "नाही गं जमत मला. तो मॅनेजर बरोबर बोलला." सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नसेल. माझं तर डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सात खांबांतला एक शोधता येतो आणि 'क्ष' सापडत नाही? मुकाट्याने बसा. पुढचं वाक्य वाचते." त्या बसल्या. डोळ्यांत पाणी होतं, त्यांच्याही आणि माझ्याही, पण वाक्य पुरं केलं.

शनिवारी चाचणी झाली. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत निकाल लागला. बारापैकी आठ जण पास. सात नावं छापलेली आणि त्यांच्या खाली, कागदाच्या अगदी तळाशी, बॉलपेनने तिरपं लिहिलेलं जाऊबाईंचं नाव. टायपिंगला काठावर, बिघाड ओळखण्यात सगळ्यांत जास्त. मी त्यांना मिठीच मारली. त्यांनी मला बाजूला केलं, टाचण्या काढल्या आणि कागद घेऊन केबिनकडे निघाल्या, मागोमाग मी.

"हे हाताने का लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"अहो, तुमचं नाव मूळ यादीत नव्हतं ना," मॅनेजर म्हणाला. "त्याच फाइलवरून निकाल छापला. नाव आहे ना, झालं तर."

"पेनाचं नाव कोणीही खोडतं. छापून द्या."

"क्लार्क जेवायला गेलाय. उद्या बघू."

जाऊबाईंनी क्लार्कची खुर्ची ओढली आणि त्याच्या कम्प्युटरसमोर बसल्या. चष्मा लावला. फाइल उघडीच होती. "यादी नोकरीच्या वर्षांप्रमाणे लावता ना?" त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. म्हणायलाच लागलं, वर तसंच लिहिलेलं होतं. त्यांनी बाण पहिल्या नावाच्या वर नेला आणि दोन बोटांनी स्वतःचं नाव टाइप करायला लागल्या. आधी आडनाव, मग स्वतःचं, मग दिरांचं. एकेक अक्षर शोधत. मग खालच्या सातही नावांचे अनुक्रमांक एकेक करून बदलले. मॅनेजर या पायावरून त्या पायावर होत उभा होता. मध्येच म्हणाला, "एवढ्यासाठी कशाला त्रास घेता, बाई? दोनच वर्षं तर राहिलीत."

त्यांनी मान वर केली नाही. छपाईचं बटण दाबलं, कागद बाहेर येईपर्यंत थांबल्या, तो त्याच्यासमोर ठेवला आणि क्लार्कचं पेन उचलून त्याच्या हातात दिलं.

"दोन राहिलीत," त्या म्हणाल्या, "पण ती माझी आहेत. सही करा."

त्याने केली.